सतरा नंबर उचलत नाही

बाईंना सगळेच ‘बाई’ म्हणत. एक्स्चेंजमधले सहकारी म्हणत, शेजारीपाजारी म्हणत, आणि लग्नाला तीस वर्षं झालेला नवरासुद्धा ‘बाई, चहा टाकतेस का’ असंच म्हणे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली. नंबर मागणाऱ्याला नंबर जोडून द्यायचा, एवढंच काम. पण त्या कामाचा त्यांना कोण अभिमान! पलीकडचा फोन बारा वेळा वाजल्याशिवाय ‘उत्तर नाही’ हे शब्द त्यांनी कधी तोंडातून काढले नाहीत. कुणी अंघोळीला गेलेलं असतं, कुणी म्हातारं काठी शोधत असतं, कुणी मागच्या दारातून धावत येत असतं. त्याला पोचायला वेळ नको का द्यायला, असं त्या नव्या मुलींना शिकवायच्या.

पुढे एक्स्चेंज बंद झालं. दोन वर्षं घरात बसून बाई कंटाळल्या आणि एक दिवस त्यांनी देशाच्या आपत्ती केंद्रात हंगामी कामासाठी अर्ज टाकला. केंद्राला अनुभवी आवाज हवाच होता.

हंगामी म्हणजे अगदीच हंगामी. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर निरोप येई, ‘उद्या सात ते तीन. येणार का?’ दहा मिनिटांत ‘हो’ म्हटलं नाही तर पाळी दुसऱ्याला. दारावर रोज नवा पास मिळे आणि त्यावर ‘पाहुणा’ असं छापलेलं असे. बाई नवऱ्याला सांगायच्या, “दोन वर्षं झाली, रोज जाते, पण त्यांच्या लेखी मी अजून पाहुणीच. पाहुणीला पाणीसुद्धा विचारत नाहीत.”

आत मोठं दालन होतं. समोरची भिंत पडद्यांनी भरलेली. कुठे नद्यांची पातळी, कुठे जंगलातले वणवे, कुठे भूकंपाच्या थरथरणाऱ्या रेषा. कायमच्या माणसांच्या खुर्च्यांना हात होते, हंगामी लोकांच्या खुर्च्यांना नव्हते. बाईंकडे नद्या होत्या. काठावरच्या अठरा चौक्यांना दर तीन तासांनी फोन करायचा, तिथल्या मोजणीदाराने पट्टीवर प्रत्यक्ष पाहिलेला आकडा विचारायचा आणि तक्त्यात भरायचा. तसा आकडा यंत्राकडूनही येई आणि पडद्यावर आपोआप झळके. त्यामुळे फोनच्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पण यंत्राला कधी कचरा अडकतो, कधी पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगा रुतून बसतो, म्हणून माणसाला विचारायचा नियम कुणीतरी शहाण्याने कधीकाळी करून ठेवला होता.

अठराही आवाज बाईंना पाठ झाले होते. त्यातला सतरा नंबर त्यांना सगळ्यात आवडायचा. त्या मोजणीदाराला त्या ‘भाऊ’ म्हणत. पहिल्या घंटेला फोन उचलून तो आकडा दोनदा सांगायचा. “एक मीटर नव्वद, बाई. एक, नव्वद. लिहिलंत?” बाई म्हणायच्या, “लिहिलं, भाऊ. जेवलात का?” संपलं संभाषण. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

सतरा नंबरच्या चौकीत मोबाइलला रेंज नव्हती. जुना तारेचा फोन होता, तोही फक्त येणारा. जाणारे फोन कुणा साहेबाने काटकसर म्हणून बंद करून टाकले होते. म्हणजे भाऊंना केंद्राला काही कळवायचं असेल तर केंद्राकडून फोन येईपर्यंत वाट बघत बसणं, एवढाच उपाय.

त्या दिवशी वरच्या डोंगरांत दोन दिवस पाऊस चालू होता, पण पडद्यावर सगळे आकडे शहाण्यासारखे वागत होते. पावणेबाराला पाळीप्रमुख मॅडम बाईंच्या खुर्चीपाशी आल्या. चाळिशीच्या, चटपटीत, कायमच्या. आजवर त्यांनी बाईंशी कामापलीकडे एक शब्द बोललेला नव्हता.

“बाई, माझ्या बढतीचा केक आहे आत. या ना. पाच मिनिटं.”

हंगामी माणसाला आतल्या खोलीत बोलावणं ही साधी गोष्ट नव्हती. बाईंनी पदर सारखा केला आणि गेल्या. हात असलेल्या खुर्चीवर बसल्या. कुणीतरी त्यांच्या हातात बशी दिली, कुणीतरी विचारलं, “तुम्ही म्हणे एक्स्चेंजमध्ये होता?” मग काय! बाईंनी एक्स्चेंजच्या गोष्टी सुरू केल्या. रोज रात्री बायकोऐवजी चुकून सासूला फोन लावून मागणाऱ्या जावयाची गोष्ट सांगितली, सगळे खो खो हसले. मग बारा घंटांची गोष्ट सांगितली. “बारा घंटा झाल्याशिवाय मी कुणाचा फोन सोडला नाही,” त्या म्हणाल्या. पाळीप्रमुख मॅडमनी मान डोलावली. “हल्ली अशी माणसं कुठे मिळतात!” बाईंना आणखी एक तुकडा दिला गेला. त्यांनी तो सावकाश खाल्ला.

जागेवर आल्या तेव्हा बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. बाराची फेरी पावणेएकला बंद होऊन तक्ता वर जायचा. त्यांनी धडाधड फोन लावायला सुरुवात केली. “आकडा? बरं. ठेवते.” कुणाला जेवलात का विचारलं नाही. सोळा नंबर झाला तेव्हा बारा बेचाळीस झाले होते आणि पाळीप्रमुख मॅडम हसतमुखाने शेजारी उभ्या होत्या.

“झालं का, बाई? देताय ना तक्ता?”

तीन मिनिटं होती. सतरा नंबरला मिनिटसुद्धा लागलं नसतं. अठरा नंबरचा फोन तर महिनाभर मेलेलाच होता, तिथे रोज ‘उत्तर नाही’ लिहावं लागे. पण ज्या मॅडमनी आत्ताच आपलं कौतुक केलं त्यांना ‘थांबा, माझं राहिलंय’ असं सांगायला बाईंची जीभ उचलेना. पडद्यावर सतरा नंबरसमोर एक मीटर नव्वद दिसत होतं, सकाळी होतं तेवढंच. बाईंनी सतरापुढे लिहिलं, ‘उत्तर नाही.’ अठरापुढे तेच लिहिलं. तक्ता दिला. मॅडम म्हणाल्या, “थँक्यू हं.”

एक वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरच्या खालच्या पुलावरून कुणा वाटसरूचा फोन आला. पाणी पुलावर चढलं होतं आणि कामगारांना घेऊन जाणारा एक टेम्पो मधोमध अडकला होता. सात माणसं टपावर चढून बसली होती.

दालनात एकदम धावपळ उडाली. यंत्राचा तरंगा ओंडक्याखाली रुतला होता आणि तासन् तास तोच आकडा पाठवत होता. पाळीप्रमुख मॅडमनी स्वतः सतरा नंबर लावला. वाजत राहिला. त्यांनी तक्ता पुढे ओढला, रकान्यावर बोट ठेवलं आणि बाईंकडे बघितलं.

“बारालाही उचलला नाही त्याने?”

आता खरं सांगायला एक क्षण होता. बाईंना तो क्षण पुढे कित्येक महिने आठवत राहिला: मॅडमचं बोट, त्यावरची नेलपॉलिश, मागे कुणाचा तरी चढलेला आवाज.

“नाही,” बाई म्हणाल्या.

दोन तासांनी सातही माणसं नावेतून बाहेर काढली. एका बाईचा पाय मोडला होता. जीव कुणाचा गेला नाही.

घरी नवऱ्याने टीव्ही लावूनच ठेवला होता. बातम्यांत दालन दिसलं, दोन सेकंद बाईंची पाठही दिसली. नवऱ्याने तेवढ्यात शेजाऱ्यांना हाका मारल्या. “बघा, आमची बाई! सात जणांचे प्राण वाचवले आज हिच्या लोकांनी!” मग बातमी देणारा म्हणाला की मोजणीदार जागेवर नव्हता, फोन उचलला गेला नाही, अन्यथा पूल वेळीच बंद झाला असता. शेजारी चुकचुकले. नवरा म्हणाला, “झोपला असेल मेला. पगार घ्यायला बरे जागे असतात.” बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उगाच धुतलेलीच भांडी धूत उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. चौकशी अधिकारी मृदू बोलणारे, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बाईंना आधी पाणी दिलं.

“तुम्ही जुन्या टेलिफोनवाल्या आहात म्हणे. सतरा नंबरला किती वेळा वाजू दिलंत?”

“बारा वेळा,” बाई म्हणाल्या.

तोंडाला सवय होती, आपसूक निघून गेलं. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, आदराने मान हलवली, आणि बाईंच्या कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या. बावीस वर्षांत जमवलेलं एकुलतं एक खरं त्यांनी खोट्याच्या कामाला लावलं होतं. कोणता फोन केव्हा लागला याची नोंद टेलिफोनच्या यंत्रात राहते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ती नोंद कुणी मागितलीच नाही. रकाना स्पष्ट होता, बाई भरवशाच्या होत्या, आणि मोजणीदार मोजणीदार होता. त्याला कामावरून बाजूला ठेवलं.

त्यानंतरही बाईंना पाळ्या मिळत राहिल्या. उलट जास्तच मिळू लागल्या. सतरा नंबरवर आता एक तरणा माणूस बसला होता. तो आकडा एकदाच सांगून फोन आपटायचा. पाळीप्रमुख मॅडम जाता-येता हसायच्या. बाई मान खाली घालून आकडे भरत. कुणी ‘बाई’ अशी हाक मारली तरी दचकत.

तीन आठवड्यांनी, दुपारी, बाई घरी एकट्या असताना मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

“बाई, मी सतरा नंबर बोलतोय.”

आवाज तोच होता. कधीतरी चौकीची लाइन खरखरत होती तेव्हा त्यांनीच त्याला आपला नंबर लिहून घ्यायला लावला होता.

“बोला, भाऊ.”

“मुलाच्या फोनवरून करतोय. तक्रारीसाठी नाही हं केला. एक विचारायचं होतं.” तो जरा थांबला. “त्या दिवशी फोन बारा वेळा वाजला होता?”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुमच्यावर अविश्वास नाही. दोनदा वाजवून ठेवून देणाऱ्यातल्या तुम्ही नाहीच. म्हणून तर तुम्हालाच विचारतोय. मला असं आठवतंय की मी फोनसमोर बसलोय. मांडीवर वही आहे, वहीत आकडा लिहिलाय, तीन मीटर दहा. मी फोनकडे बघतोय आणि मनात म्हणतोय, वाज रे बाबा, वाज. पावणेएकपर्यंत वाट बघितली आणि मग पुलाकडे पळत सुटलो, पोचलो तोवर टेम्पो अडकला होता. असं मला आठवतं. पण साहेबांनी कागद दाखवला. तुमच्याकडे लिहिलंय ना, उत्तर नाही म्हणून. दोन रात्री जागा होतो, बदलीला कुणी आलं नव्हतं. पोरगा म्हणतो, बाबा तुमचा डोळा लागला असणार, तुम्हाला कळलंसुद्धा नसेल. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. पण बाई, उघड्या डोळ्यांनी माणूस झोपतो का हो? तेवढं सांगा. तुम्ही म्हणालात की वाजला, तर माझ्या मनाचं समाधान होईल.”

“भाऊ, मी… मी करते नंतर फोन,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, मग उठून त्याने आधी खिडकी लावली.

“कुणाला बोललीस का हे?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. जीव गेला का कुणाचा? नाही ना? त्याचं व्हायचं ते होऊन गेलं. आता तू तोंड उघडलंस तर आपल्याला चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मी काय सांगू लोकांना?”

“तुम्हीच त्याला झोपला असेल मेला म्हणालात ना,” बाई म्हणाल्या, “आता त्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागलंय.”

नवऱ्याने लावलेल्या खिडकीची कडी पुन्हा ओढून बघितली. मग पुटपुटला, “मला काय माहीत होतं.” त्या रात्री दोघंही एकमेकांकडे पाठ करून झोपले.

दुसऱ्या दिवशी बाईंना कामाची पाळी नव्हती, तरी त्या केंद्रात गेल्या. हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद होता. पाळीप्रमुख मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला आणि बाईंना कोपऱ्यात नेलं.

“बाई, हे काय काढलंत आता? प्रकरण मिटत आलंय. त्याला कुठे तरी दुसरीकडे लावतील. निवृत्तीला आलाय तो.”

“तो झोपला नव्हता, मॅडम.”

“कळलं मला. पण हा कागद वर गेला की पहिला प्रश्न काय येईल? फेरीच्या वेळेला हंगामी बाईला केक खायला कुणी बोलावलं?”

“केकचं मी लिहिलेलं नाही.”

मॅडमनी पुन्हा कागदावर नजर टाकली. खरंच नव्हतं. ‘मी जागेवर नव्हते. उशीर झाला. सतरा नंबरला फोन न करता उत्तर नाही असं लिहिलं. चौकशीत बारा वेळा वाजवल्याचं खोटं सांगितलं. यंत्रातली नोंद तपासावी.’ एवढंच. मॅडमचा चेहरा जरा सैल पडला आणि त्यांचा सुटकेचा श्वास बाईंना स्पष्ट ऐकू आला. त्यांना मॅडमची कीव आली, आणि मग आपण कोण लागून गेलो कुणाची कीव करणारे, असं वाटून त्या आणखीच ओशाळल्या.

“विचार करा, बाई. मी बघितलंच नाही असं समजते.”

बाई खालच्या मजल्यावर आवक-जावक विभागात गेल्या. कारकुनाने कागदावर शिक्का मारला.

“पोच द्या,” बाई म्हणाल्या.

“कशाला हवी?”

“माझं मन बदललं तर मला स्वतःलाच दाखवायला.”

कारकुनाला ते गमतीचं वाटलं. तो हसला. बाई हसल्या नाहीत.

नोंद तपासली गेली. त्या दुपारी केंद्रातून सतरा नंबरला पहिला फोन एक वाजून बारा मिनिटांनी गेला होता. चौकशी अधिकाऱ्यांनी बाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी पाणी दिलं नाही, रागावलेही नाहीत. “मी तुमचं म्हणणं पडताळून बघायला हवं होतं,” एवढंच म्हणाले. बाईंना वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंना काढून टाकलं असं कुणी म्हटलं नाही. पाहुण्याला काय काढायचं? संध्याकाळचा निरोप यायचा बंद झाला, बस्स. नवरा शेजाऱ्यांना सांगत राहिला की बाईंची कंबर धरते, म्हणून सोडलं. बाईंनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा त्या जिन्यातच थांबल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “कंबर ठणठणीत आहे माझी. मी खोटं लिहिलं, म्हणून गेलं काम.” नवरा चार दिवस बोलला नाही.

दोन महिन्यांनी भाऊ पुन्हा चौकीवर रुजू झाल्याचं कळलं. जागा सोडून पुलाकडे धावल्याबद्दल त्याला ताकीद मात्र मिळाली होती; ती काही कुणी मागे घेतली नाही. बाईंनी एक दिवस सकाळची बस धरली.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर बाक आणि खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मागे थोड्या अंतरावर भाऊंचं दोन खोल्यांचं घर. भाऊ पायऱ्यांवर उभे होते. बारीक, ताठ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. बाईंनी “भाऊ” म्हटलं आणि आवाजावरूनच त्यांनी ओळखलं.

“बसा,” ते म्हणाले. बाकावरचा ओला कोपरा त्यांनी टॉवेलने पुसला.

बाई बसल्या नाहीत. “मी माफी मागायला आले.”

“कागद वाचला तुमचा. मुलाला वाचून दाखवायला लावला. दोनदा.” ते नदीकडे बघत होते. “एक कळलं नाही. जागेवर नव्हते असं लिहिलंय. कुठे होता?”

बाईंना ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. बसमध्ये त्यांनी दहा उत्तरं तयार केली होती. “केक खात होते,” त्या म्हणाल्या. “साहेब लोकांनी बोलावलं होतं. मी कधी कुणाचा फोन अर्ध्यावर सोडत नाही, अशी फुशारकी मारत बसले होते.”

भाऊंनी टॉवेल झटकून पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, “मी डॉक्टरकडे जाऊन आलो. उघड्या डोळ्यांनी झोप लागते का ते विचारायला. डॉक्टर हसला. अजूनही मी फोनसमोर बसलो की दर पाच मिनिटांनी स्वतःला चिमटा काढतो. ते काही आता जायचं नाही.” त्यांनी मनगट पुढे केलं. तिथे बारीक काळेनिळे डाग होते. ते दाखवून झाल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी बाही खाली ओढली. “बस चारला आहे. नंतर नाही.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. बाईंनीही पुन्हा मागितली नाही. आकडा घ्यायची वेळ झाली होती. भाऊ पायऱ्या उतरून गेले.

इतका वेळ घराच्या दारात कुणीतरी उभं होतं, ते बाईंना जाणवलं होतं. भाऊंची बायको. ती बाहेर आली नव्हती, पाणी विचारलं नव्हतं, आणि बाईंना ते रास्तच वाटलं होतं. बाई रस्त्याकडे वळल्या तेव्हा ती मागून झपाझप आली. पाणीदार डोळ्यांची, ठेंगणी.

“थांबा,” ती म्हणाली. “मी रागाने आत उभी नव्हते.”

बाई थांबल्या.

“त्या दिवशी ते घरी आले आणि म्हणाले, मी जागा होतो गं. देवाशपथ जागा होतो. आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, सरकारी कागद खोटं कशाला बोलेल? तुम्ही झोपलाच असाल, मान्य करा आणि मोकळे व्हा. तुमचा कागद येईपर्यंत मी त्यांना रोज तेच ऐकवलं. पोरानं ऐकवलं ते माझं ऐकून.” तिने मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं. “तुम्ही निदान लिहून तरी दिलंत. मी काय लिहून देऊ? माझ्याशी बोलतात, जेवतात, सगळं करतात. पण काही सांगायला लागले की मध्येच थांबतात. मला खरं वाटेल की नाही, असं बघतात माझ्याकडे.”

बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला, आणि आपल्याला तो हक्क आहे का असं वाटून मागे घेतला. मग भाऊंच्या बायकोनेच त्यांच्या दंडाला धरलं आणि दोघी रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या. बस आली. बाई चढल्या. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं तेव्हा त्यांना आपल्या स्टॉपचं नाव पटकन आठवलं नाही.